मोठेपणी एडीएचडीची तपासणी: जाण्याआधी काय जमवावं

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार, रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये सापडत नाही. निदान होतं ते सविस्तर मुलाखतीतून. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीनुसार १७ वर्षं आणि त्यापुढच्या वयात लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता-उतावळेपणा यांपैकी एका गटातली ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात, ६ महिने टिकलेली, घर आणि काम अशा दोन ठिकाणी तरी दिसणारी.

गाडी अडते ती बालपणावर. काही लक्षणं वयाच्या १२व्या वर्षाआधीची हवीत, आणि नेमकं तेच आठवत नाही! जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. गुणांपेक्षा शिक्षकांचे शेरे कामाचे. आई-वडील किंवा मोठं भावंड सोबत आलं तर उत्तम. ‘मी विसरतो’ असं मोघम नको. ‘खात्यात पैसे असून तीनदा बिल भरायचं राहिलं’ असं सांगा.

अपुरी झोप, थायरॉइड, चिंता यांनीही लक्ष उडतं, तेही तपासून घ्या. ऑनलाइन प्रश्नावली ही फक्त चाळणी.