आईचं इन्सुलिन मे महिन्यात पुण्याहून यवतमाळला कसं नेलं (माझा अनुभव)

दर उन्हाळ्यात आईबाबांना गावी जायचं असतं. बाकी लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात, आमचे यवतमाळकडे जातात, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. आंबे, लोणची, लग्नं, सगळं तेव्हाच, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न फक्त औषधांचा. आईचं रात्रीचं ग्लार्जिन इन्सुलिन, थायरॉइडच्या गोळ्या, बाबांचे काचबिंदूचे ड्रॉप्स, बीपीच्या गोळ्या, इनहेलर, वर इसबगोलचा डबा जो बाबा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसतात. आणि हे सगळं तीन महिन्यांचं, कारण तालुक्याला प्रत्येक गोष्ट मिळेलच असं नाही.

कुरियरचाही विचार केला होता. माणसाला विचारलं, थंड राहील का? तो म्हणाला, मॅडम डिलिव्हरी नक्की होईल. उत्तर खरं होतं, पण प्रश्न तो नव्हता, म्हणून स्वतःच न्यायचं ठरलं.

आता ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "भरपूर बर्फ टाका, काही होत नाही." मेडिकलवालाही पिशवीत बर्फाच्या पॅकवर इन्सुलिनच्या पेनचं (आत औषध भरलेलं, पुढे सुई लावून टोचायचं) खोकं ठेवून देतो आणि आपण निर्धास्त. पण न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, आणि एकदा ते गोठलं की ते इन्सुलिन कामातून गेलं, परत वितळलं तरी वापरायचं नाही. त्यातून ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गोठून वितळलेलं बघून कळेलच असं नाही. उलट उष्णतेचं म्हणाल तर वापरात असलेलं पेन ३० डिग्रीच्या आत २८ दिवस चालतं. म्हणजे थोडा वेळ कोमट झालं तर इतकं बिघडत नाही जितकं बर्फाला चिकटून बसलं तर बिघडतं. हे मला नीट समजावलं ते माझ्या चुलत वहिनीने. ती आरोग्य उपकेंद्रात एएनएम म्हणजे नर्स आहे, लसीकरणाच्या दिवशी निळा व्हॅक्सिन कॅरिअर (लसी थंड ठेवायची पेटी) खांद्याला लावून वाड्या-वस्त्या फिरते.

फोनवर म्हणाली, "ताई, फ्रीझरमधून काढलेला पॅक लगेच घालू नका बरं. आमच्याकडे पोलिओच्या थेंबांना गोठल्याने काही होत नाही, पण पेंटा अन टीडी या लसी गोठल्या की फेकायच्या. पॅक बाहेर काढून ठेवा, घाम येऊ द्या, मग कानाशी धरून हलवा. आत पाणी वाजलं की घाला."

कंडिशनिंग म्हणतात त्याला. ऐकायला सोपं आहे, पण करून बघितल्याशिवाय कळत नाही. यासाठी पाण्याने भरायचे प्लास्टिकचे चपटे पॅक घेतले, जेलवाले नाही, कारण जेल वाजत नाही. फ्रीझरमधून काढले तेव्हा वर पांढरी भुकटी, हाताला चिकटत होते. ओट्यावर एकमेकांपासून लांब मांडले. आधी भुकटी गेली, मग थेंब सुटले, मग ओट्यावर तळं झालं, आणि तरीही हलवलं की आवाज नाही, नुसता दगड. बऱ्याच वेळाने एका पॅकमध्ये बारीक खळखळ आली, बर्फाची लादी आतल्या आत सरकते ना तशी. बाबा म्हणाले, एवढं थंड केलंस आणि आता गरम करत बसलीस? पण मुद्दा असा की बर्फ अन पाणी एकत्र असलं की पॅक शून्याच्या आसपास थांबतो, खाली जात नाही. थेट फ्रीझरमधला पॅक उणे १८ वगैरे असतो आणि शेजारी जे असेल त्याला गोठवतो.

जायच्या आधी घरी ट्रायल घेतली. थर्माकोलचं जाड भिंतीचं झाकणवालं खोकं, आणि वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर, तो ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात कामाची खरेदी तीच. इन्सुलिनच्या जागी रिकाम्या खोक्यात पाण्याची छोटी बाटली ठेवून सेन्सर तिला चिकटवला. पॅक टेकून ठेवला तर आकडा दीडवर गेला, जे मला नको होतं. मग मध्ये वर्तमानपत्राच्या जाड घड्या घातल्या, चारही बाजूंनी, तळालाही, तेव्हा पाचच्या आसपास स्थिरावला आणि रात्रभर तिथेच रेंगाळला. मग तसंच भरलं: पेनं त्यांच्या मूळ खोक्यात (उजेडही लागू नये म्हणून), खोकी झिपलॉकमध्ये, ते प्लास्टिकच्या डब्यात, डब्याभोवती कागद, कागदाबाहेर पॅक, उरलेल्या फटीत जुना टॉवेल, झाकणाला ब्राउन टेप. बाबांच्या ड्रॉप्सच्या न उघडलेल्या बाटल्या पण त्यातच, त्यातल्या लॅटानोप्रोस्ट या औषधाला पण उघडेपर्यंत फ्रीज लागतो.

चालू पेन मात्र त्या खोक्यात नाही, ते आईच्या पर्समध्ये, सुई काढून. सुई लावून ठेवली की थंड-गरम होताना गळतं नाहीतर आत हवा शिरते.

गोळ्यांचं काम तसं सोपं, पण लोक तिथेच घोळ घालतात. तीन महिन्यांच्या गोळ्या सोलून त्या सोम-मंगळच्या कप्प्यांच्या डबीत भरायच्या नाहीत, डबी फार तर आठवड्याची. स्ट्रिप अख्ख्या मागून घ्या, कापलेल्या नको, बॅच आणि एक्सपायरी एका टोकालाच छापलेली असते आणि ते टोक नेमकं दुकानात राहतं. थायरॉइडची बाटली आहे तशीच, आतली सिलिकाची पुडी फेकायची नाही. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर दमट लागलंय समजायचं, ती घ्यायची नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण टेपने गुंडाळून उभी वेगळ्या पिशवीत, नाहीतर सगळ्या स्ट्रिपा चिकट. प्रत्येक पिशवीवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात कोणाचं, कधी, जेवणाआधी का नंतर, आणि वर प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स.

महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो, बडनेऱ्यापर्यंत. खोकं बर्थखाली आत सरकवलेलं, खिडकीपासून लांब. शेजारच्या काकांनी विचारलं, मासे आहेत का? औषध आहे म्हटलं तर त्यांची स्वतःची शुगरची कहाणी भुसावळपर्यंत पुरली. थर्मामीटरचा आकडा मी झाकण न उघडता बाहेरून बघत होते, ती वायर झाकणाच्या फटीतून काढली होती त्याचा हा फायदा. पुढे चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता, त्याने सवयीने सामान डिकीत टाकायला घेतलं, मी खोकं आणि इनहेलर मागून काढून पायाशी घेतलं. उन्हात उभी असलेली गाडी म्हणजे भट्टी, डॅशबोर्डवर तर काहीच ठेवू नये. घरी पोचलो तेव्हा थर्मामीटर साडेसात डिग्री दाखवत होता. पॅकमध्ये बर्फाचे तुकडे अजून होते.

खरी डोकेदुखी त्यानंतर. गावचा फ्रीज जुना, एका दाराचा, वर फ्रीझर, त्याच्या खालचा ट्रे म्हणजे इन्सुलिनचा शत्रू. दारातही नको, ते दिवसातून शंभरदा उघडतं. मधला कप्पा, मागच्या भिंतीपासून पुढे, झाकणाच्या डब्यात, आणि थर्मामीटर तिथेच कायमचा ठेवला. लाईट जाते म्हणून खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, गेली की फ्रीज उघडायचा नाही एवढं सगळ्यांना बजावलं. मुलांना सांगणं सोपं गेलं, काकूंना अवघड.

आणि वापरातलं पेन माठात. म्हणजे एक मोठा माठ, त्यात छोटं मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं, ओसरीच्या सावलीत वारा लागेल असं. पेन झिपलॉकमध्ये आणि मग स्टीलच्या डब्यात, पाणी लागता कामा नये. विदर्भातली हवा कोरडी असते म्हणून पाणी भराभर उडतं आणि मडकं गार राहतं, कोकणात हेच केलंत तर दमट हवेत फारसा उपयोग नाही. थर्मामीटर एक दुपार त्यात ठेवून बघितला, बाहेर कूलरसुद्धा गरम हवा मारत होता तेव्हा आत २७ होतं. आईने पेन काढलं त्या तारखेची चिठ्ठी पेनलाच चिकटवली, २८ दिवस झाले की उरलं असलं तरी टाकायचं.

रिकामं थर्माकोल आणि पॅक तिथेच माळ्यावर ठेवून आले, परतीला लागतील. फ्रीझर छोटा आहे म्हणून वहिनी म्हणाली, पॅक चौकातल्या आईस्क्रीमवाल्याकडे ठेवू, त्याच्या डीप फ्रीझरला जागा आहे. फक्त त्याला सांगावं लागेल की आम्ही ते नेल्या नेल्या ओट्यावर मांडून वितळवत बसणार आहोत.