रंगवलेली फर वाटून घेताना

फ्लाय (गळाच्या हुकवर केस-पिसं बांधून केलेलं मासेमारीचं आमिष) बांधायला एका रंगाची फर लागते चिमूटभर आणि रंगाचं भांडं चढवलं की निघते पिशवीभर. तेव्हा प्रत्येकाने एकेक रंग करून वाटणं परवडतं. चणक आणि तांबोशी या माशांसाठी पांढरा, ऑलिव्ह, चार्ट्रूस (पिवळसर पोपटी) आणि काळा एवढ्यात बहुतेक काम भागतं. पांढरा तर रंगवायचाही नसतो.

माल बोकडाचा किंवा पाळीव सशाचाच घ्या. मुंगसाचे केस कुणी कितीही आग्रहाने देऊ केले तरी नको; 1972च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

रंगवण्यात बिघडतं ते बहुधा धुण्यापाशी. केसांत चरबी राहिली की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात दोनदा धुवा, मग अर्धा तास भिजत ठेवा. 100 ग्रॅम कोरड्या फरला 2 ग्रॅम ऍसिड डाय (केस-लोकरीवर आम्लाने बसणारा रंग), काळ्याला दुप्पट. व्हिनेगर लिटरला 30 मिली, पण तो रंग सगळीकडे पोचल्यावर घाला. आधी ओतलात तर टोकं गडद आणि बुडखे फिके. सुटे केस 80 अंशांपर्यंत चालतात. कातड्यासकट फर असेल तर 50च्या वर जाऊ नका, वेळ वाढवा. कातडं आकसून पापडासारखं कडक झालं की त्याची कापलेली पट्टी हुकवर वळतच नाही. पाणी जवळजवळ नितळ झालं की रंग बसला समजा.

वाटण्याआधी एक चाचणी सोडू नका: चिमूटभर केस मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. डाग उठला तर माल परत भांड्यात, व्हिनेगर घालून. नाहीतर तुमचा काळा दुसऱ्याच्या पांढऱ्या क्लाउजरवर (फ्लायचा एक प्रकार) उतरतो.

सशाच्या पट्ट्या कातड्याच्या बाजूने ब्लेडने कापा, 3 मिलिमीटर रुंद, केस झुकतात त्याच दिशेने. कात्री लावली की केसच छाटले जातात. वाटणी वजनावर नको, पट्ट्या मोजून करा. कातडं जाड असलं की वजन फसवतं.

पावसाळ्यात मात्र वाटूच नये असं आमचं मत. जून ते सप्टेंबर इथे कातडं आतून सुकत नाही आणि पिशवीत बुरशी धरते. द्यायचंच झालं तर पंख्याखाली सुकवून, सिलिका जेलच्या पुडीसह कागदी पाकिटात. त्यावर रंग, डायचं प्रमाण आणि महिना लिहा. घेणाऱ्यानेही आलेला माल लगेच डब्यात टाकू नये. हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा. कसर किंवा केस खाणारे किडे एका पाकिटातून आले तरी डबाभर पिसं फस्त करतात.