आधी कारण, मग पार्ट : आमची वाटचाल

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम आम्ही दोघा भावांनी २००५ च्या महापुराच्या थोडं आधी सुरू केलं. गणपती पेठेतल्या एका बोळात भाड्याचा गाळा, एक टेबल, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि जुन्या मशीनमधून काढून जपलेले पार्ट, एवढंच भांडवल. माझं आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स झालेलं. धाकटा भाऊ बी.कॉम. शिकत होता आणि त्याला टॅली चांगलं यायचं. मशीन मी बघायचो, गिऱ्हाइकाचा डेटा तो.

त्या काळात दुरुस्ती म्हणजे फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून पुन्हा पहिल्यापासून. मशीन सुरू होता होता हँग झालं की मारा फॉरमॅट, टाका नवीन विंडोज. आठ दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. मधल्या मध्ये दुकानदाराची दोन वर्षांची बिलं जायची. आम्हाला हे पहिल्यापासून पटलं नाही. मशीन का अडकलं हे गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे आणि ते सांगितल्याशिवाय पैशाचा विषय काढायचा नाही, असं ठरवलं. आमचा धंदा याच एका गोष्टीवर उभा राहिलाय.

कारण शोधायला पहिला प्रश्न एकच : "कुठं अडकतंय?" बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत मशीन टप्प्याटप्प्याने जागं होतं आणि ते कुठल्या टप्प्यावर थांबतं यातच निम्मं निदान असतं. पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, तर रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) नाहीतर बोर्ड. कंपनीचा लोगो येऊन तिथंच थांबलं तर विंडोजचा अजून संबंधच आलेला नसतो. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, कुठल्या तरी डिस्कची नाहीतर यूएसबीला लावलेल्या वस्तूची वाट बघत असतं. मागच्या बाजूला विसरलेला खराब पेनड्राइव्ह उपटला आणि मशीन सुरू झालं, असं कितीतरी वेळा झालंय. त्याचे आम्ही कधी पैसे घेतले नाहीत. विंडोजचे ठिपके फिरता फिरता थिजलं तर ड्रायव्हर (एकेक पार्ट चालवणारा छोटा प्रोग्राम), सिस्टीमच्या फाइली किंवा हार्डडिस्क. सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच गोष्टी घेऊन, विंडोज व्यवस्थित येत असेल तर संशय ड्रायव्हरवर किंवा नव्याने टाकलेल्या एखाद्या प्रोग्रामवर. आणि थिजत नाही, थेट बंदच पडतं, तर आधी पॉवर आणि उष्णता बघायची.

आमचं नाव झालं ते मार्केट यार्डात. एका अडत दुकानातलं मशीन रोज सकाळी विंडोजच्या लोगोवर अडकायचं. दिवाणजी म्हणाले, "दोन-चार वेळा बंद-चालू केलं की येतंय बघा. म्हणून मी सौद्याच्या आधी तासभर येऊन तापवत ठेवतोय." दोन ठिकाणी फॉरमॅट मारून झालं होतं, रॅमही बदललेली. गार असताना अडकतं आणि तापलं की चालतं, या एका वाक्यातच उत्तर होतं. कॅबिनेट उघडून टॉर्च मारला. प्रोसेसरच्या शेजारी कपॅसिटरची, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्यांची, रांग असते. त्यातल्या तिघांची डोकी वर फुगलेली, एकाच्या डोक्यावरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी रस येऊन वाळलेला. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरातल्या बोर्डांवर असे निकृष्ट कपॅसिटर बसले होते. आतलं रसायन बिघडलेला कपॅसिटर थंड असताना प्रोसेसरला स्थिर व्होल्टेज देऊ शकत नाही, थोडा गरम झाला की जेमतेम काम करतो. ६.३ व्होल्ट, १०५ डिग्रीचे चांगल्या कंपनीचे कपॅसिटर आणले, रांगेतले सगळेच बदलले, फक्त फुगलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बटणाला मशीन आलं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या हिशेबाच्या पावत्या) वेळेत निघाल्या. त्या ओळीतल्या बऱ्याच दुकानांची कामं नंतर आमच्याकडे आली.

यार्डातल्या मशीनची दुसरी पीडा म्हणजे हळद. हंगामात तिथल्या कॅबिनेटमध्ये बारीक पिवळी धूळ बसते, पावसाळी दमटपणा लागला की हीटसिंकच्या (प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये तिचा थर घट्ट होतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा खाली पोचतच नाही. विंडोज सुरू होताना प्रोसेसरवर जोर येतो, नेमका तेव्हाच तो तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. ब्लोअर बाहेर उघड्यावर मारायचा, पंख्याचं पातं बोटाने धरून मारायचा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. आणि सीपीयू जमिनीवर ठेवायचा नाही, फळीवर ठेवायचा. हे सांगून सांगून आता बहुतेक दुकानांत फळ्या झाल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

लोडशेडिंगची वर्षं दुकानाला काम देणारी आणि गिऱ्हाइकाला रडवणारी होती. लाइट जाताना विंडोज एक्सपीची फाइल अर्धी लिहिलेली राहायची आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टीम नावाची फाइल खराब झाल्याचा निरोप यायचा. त्यालाही लोक फॉरमॅटच मारत. एक्सपी स्वतःच अशा फाइलींच्या जुन्या प्रती ठेवायचं. विंडोजच्या सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोलमधून ती प्रत जागेवर आणली की सगळा डेटा जसाच्या तसा. भावाचा त्यात हात इतका बसला की बाकीचे दुरुस्तीवालेही अशी मशीनं त्याच्याकडे पाठवू लागले.

विजेचं दुखणं मीटरशिवाय कळत नाही. एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे. नुसतं चालू करून मोजलं तर कमजोर एसएमपीएससुद्धा १२ दाखवतो. हार्डडिस्कची मोटर फिरायला लागते त्या क्षणी करंट एकदम वाढतो, तेव्हा काटा कुठे जातो ते बघायचं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिलं हे शिकवतो.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर हरभट रोड, मारुती चौक, गावभागातून गाळाने भरलेले सीपीयू येऊ लागले. लोकांचं सगळं गेलं होतं, निदान हिशेब तरी वाचावा एवढीच प्रत्येकाची इच्छा. आम्ही फोनवरच सांगत होतो : "दादा, चालू करून बघू नका." बोर्डावरचा गोल सेल काढायचा, बोर्ड स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग सावलीत पूर्ण वाळवायचा. एसएमपीएस सरळ नवा. पुराच्या पाण्यातला एसएमपीएस वाचवत बसणं जिवाशी खेळ आहे. हार्डडिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. त्या आम्ही उघडल्या नाहीत, चालूही केल्या नाहीत. ज्यांचा डेटा मोलाचा होता त्यांच्या डिस्क पुण्याला लॅबमध्ये पाठवल्या. पुढे काही महिन्यांनी वाचलेल्या मशीनमधलीच काही परत आली, लोगोवर अडकणारी. रॅमच्या स्लॉटमध्ये हिरवट गंज धरलेला. एक रॅम लावली की चालतं, दुसरी बसवली की थांबतं. असा बोर्ड कितीही साफ केला तरी भरवशाचा राहत नाही. आम्ही तसं स्पष्ट सांगितलं आणि दुरुस्तीचे पैसे लावले नाहीत.

आता कामाचा मोठा भाग हार्डडिस्कचा. मशीन ठिपक्यांवर पाच-दहा मिनिटं घुटमळतं, मधून टक टक आवाज येतो. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. मरणाऱ्या डिस्कवर तो तासन् तास वाचत-लिहीत बसतो आणि उरलासुरला डेटाही जातो. आम्ही आधी सगळ्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो, वाचता येणारा भाग आधी, अडणारा नंतर, आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करतो. मिरजेतल्या एका लॅबचे रुग्णांचे जुने रिपोर्ट असेच हाती लागले. नंतर त्यांना एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवून दिली.

बोर्डावरच्या तीन व्होल्टच्या गोल सेलमुळेही फार फॉरमॅट फुकट मारले गेलेत. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळ जागी जातात, काही बोर्डांवर डिस्कशी बोलायची पद्धत (साटाचा मोड) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाते आणि विंडोज ७ शेवटी ७बी आकडा असलेली निळी स्क्रीन दाखवून थांबतं. घड्याळ मागच्या वर्षात गेलंय का ते आधी बघायचं. सेल बदला, मोड परत लावा, मशीन सुरू.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला, त्यामुळे सध्या नवी मशीनं भराभर येताहेत आणि त्यांच्याबरोबर नवीन अडचण. विंडोज ११ मध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) झालेली असते. बोर्ड बदलला किंवा बायोस रीसेट केलं की मशीन ४८ अंकी 'रिकव्हरी की' (कुलूप उघडायचा आकडा) मागतं आणि ती नसेल तर डेटा कोणालाच काढता येत नाही. म्हणून आता मशीन टेबलावर घेण्याआधी भाऊ गिऱ्हाइकालाच त्याचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडायला लावतो, त्यात ती 'रिकव्हरी की' आहे का बघतो, कागदावर लिहून त्यांच्याच हातात देतो. त्यानंतर आम्ही स्क्रू काढतो.