करंगळी

नोव्हेंबर लागला की आमच्या बँकेच्या लालबाग शाखेत सकाळपासून बामचा वास असतो. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर शटर उघडायच्या आधीच येऊन उभे राहतात. सरकारी पेन्शनरांचं ठीक आहे, त्यांचा महिनाच तो. पण ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातून पेन्शन मिळते त्यांना, दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तो बारा महिने चालतो. दर वर्षी मी हे घसा फोडून सांगते. तरी येतात सगळे नोव्हेंबरातच.

त्या दिवशी माझी लोकल कुर्ल्याला अर्धा तास अडकली होती. काउंटरवर बसले तीच तापलेली. अकराच्या सुमारास एक आजी पुढे आल्या. नऊवारी, पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. नवरा गिरणीत होता, १९८२च्या संपानंतर परत कामावर घेतलेल्यांपैकी. त्याच्यामागे यांना विधवा पेन्शन. २०१४ साली किमान पेन्शन हजार रुपये ठरली, यांना तेवढीच मिळते.

अंगठा ठेवला. नाही. पुसून पुन्हा ठेवला. नाही. तर्जनी, तीही नाही. रांगेतून कुणीतरी "आटपा हो" केलं, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजी, मशीन ओळखत नाहीये तुम्हाला. नक्की तुम्हीच ना?"

रांग हसली. आजीही हसल्या. पण हसता हसता त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

"मग जाऊ मी, बाय?"

"बसा तिकडे. नंतर बघू."

मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, २०२१ पासून ती सोय आहे. पण त्यासाठी काउंटर सोडून उठावं लागतं.

आमच्याकडे एक शिपाई आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा कुणालाही बसल्या जागेवरून हाक मारत नाहीत. सही जुळली नाही, चेक परत आला, हप्ता थकला, काहीही असो. उठून त्या माणसाजवळ जातात आणि त्याला एकट्यालाच ऐकू येईल एवढंच बोलतात. आम्ही तरुण मंडळी याला मामांचा कामचुकारपणा समजायचो. दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटं लावतात म्हणायचो.

मामा आजींच्या बाकावर जाऊन टेकले. बाक माझ्यापासून चार हातांवर, म्हणून कानावर पडलं.

"काय काम करायचात, आजी?"

"मिरचीची देठं खुडायचे. मसाल्याच्या दुकानात. मोसमात नुसती मिरचीच मिरची, रात्री हाताची आग आग व्हायची."

मामांनी त्यांचा हात उलटा करून पाहिला. मग मलाही दिसला. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींची टोकं टाकी लावायला झालेल्या पाट्यासारखी गुळगुळीत. रेषाच नाहीत. देठ खुडायला हीच दोन बोटं लागतात.

मामा काउंटरशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, डाव्या हाताची करंगळी घेऊन बघा."

आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, कुठलंही चालतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पाठ होतं. मी फक्त विचारलं नव्हतं.

करंगळी पहिल्याच खेपेला लागली. आता ओटीपी. तो मुलाच्या मोबाइलवर, मुलगा विरारला. फोन लावला तर, "आई, कोणाला ओटीपी देऊ नको सांगितलंय ना!" त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली. रांग चुळबुळत होती. या वेळी मी तिकडे पाहिलं नाही.

"आजी, मघाशी मी जरा..." एवढं बोलून मी अडखळले.

"अगं, मी पण हसलेच की," त्या म्हणाल्या. म्हणजे माफ केलं की विषय बंद केला, मला अजून कळलेलं नाही. मग काचेजवळ वाकून, मामांच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "याचा कागद मिळतो का गं? सुनेला दाखवते. सरकारनं लिहून दिलंय म्हणावं, म्हातारी अजून आहे."

कागदाची गरज नसते, सगळं ऑनलाइनच जातं. मी दोन प्रती काढल्या.