दोन वेशींचे गाव: एला खोऱ्यातील शाराईम

जेरुसलेमच्या नैऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर, एला खोऱ्याच्या उत्तर कडेला खिर्बेत कियाफा नावाची टेकडी आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मी तिथे गेलो तो केवळ ‘शाराईम’ या नावाच्या ओढीने. पलिष्ट्यांचा धिप्पाड योद्धा गल्याथ दाविदाच्या हातून पडल्यावर पळत सुटलेले पलिष्टी शाराईमच्या वाटेवर मारले गेले, असे बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात म्हटले आहे, आणि यहोशवाच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातील गावांच्या यादीत हे नाव सोखो व अजेका यांच्या पाठोपाठ येते. एवढाच काय तो त्याचा पत्ता.

हिब्रूत ‘शाअर’ म्हणजे वेस आणि ‘आयिम’ हा द्विवचनाचा प्रत्यय, म्हणून शाराईम म्हणजे दोन वेशी. मराठीत द्विवचन उरले नसले, तरी शाळेत संस्कृत घोकलेल्यांना ते परके वाटणार नाही. अडचण अशी की मूळ लेखनात स्वरचिन्हे नव्हती. शिन, आयिन, रेश, योद, मेम ही पाच अक्षरे ‘शअरायिम’ अशी वाचली तर वेशी दोन होतात, आणि ‘शेआरीम’ अशी वाचली तर कितीही. जेरुसलेममधील मेआ शेआरीम वस्तीच्या नावात हीच पाच अक्षरे आहेत. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी तर शमुवेलातील त्या ओळीत गावाचे नाव न मानता सरळ ‘वेशींची वाट’ असा अर्थ केला.

२००७ ते २०१३ या काळात योसेफ गार्फिंकेल आणि साअर गानोर या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केले, तेव्हा जेमतेम २.३ हेक्टरच्या या तटबंद गावाला पश्चिमेस एक आणि दक्षिणेस एक अशा दोन वेशी निघाल्या. एवढ्याशा गावाला दोन वेशी ही प्राचीन काळी नवलाची गोष्ट होती, आणि त्यावरूनच गार्फिंकेल यांनी हे शाराईम असल्याचे मांडले. सर्वांना ते मान्य नाही. दक्षिण वेशीच्या प्रचंड दगडांपाशी उभे राहिल्यावर मला ते पटले खरे. मात्र ज्या नावाचे वाचनच स्वरांवर अवलंबून आहे, त्यावर एवढा भार टाकावा का, ही शंका टेकडी उतरेपर्यंत सुटली नाही.

जाणाऱ्यांनी बेत शेमेशपर्यंत बसने येऊन पुढे टॅक्सी करावी. शनिवार टाळावा, कारण शब्बाथ या यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रामदिनामुळे सार्वजनिक वाहतूक जवळपास बंद असते. शेवटचा कच्चा चढ पावसानंतर चिखलाने निसरडा होतो; मी साध्या चपलांवर गेलो आणि दोनदा घसरलो. वर सावली नाही आणि पाणी विकत मिळत नाही, तेव्हा दोन्ही गोष्टींची सोय करूनच निघावे. पश्चिम वेशीतून आत शिरून तटाच्या कडेने दक्षिण वेशीकडे चालत जावे, म्हणजे खोरे पायांखाली उलगडत जाते. फेब्रुवारीच्या अखेरीस समोरच्या सोखोच्या टेकडीवर तुर्मुस या निळ्याजांभळ्या रानफुलांचा बहर असतो. तासभर हाताशी असल्यास तिथेही जावे.