स्वप्नांवरून बसवतोय ते नाटक, आत्तापर्यंत कुठवर आलं

मुलांबरोबर स्वप्नांवरून इमर्सिव्ह प्रयोग बसवायचं काम आता चांगलं मार्गी लागलंय. संहिता नाहीये, रंगमंच नाहीये, प्रेक्षक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरणार आणि कुठे किती थांबायचं ते स्वतः ठरवणार. अशा कामात तालमीला नेमकं करायचं काय हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, म्हणून आम्ही काय काय करत आलोय ते जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं काम म्हणजे स्वप्नं गोळा करणं. तालमीच्या खोलीत एक खोका ठेवलाय, चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, अक्षर ओळखू येईल असं वाटलं तर टाईप करून टाकायची. लिहायचं वर्तमानकाळात, म्हणजे "मी जिना चढले" नाही तर "मी जिना चढतेय, पायऱ्या ओल्या आहेत". ह्याने फार फरक पडतो कारण भूतकाळात लिहिलं की मुलं गोष्ट सांगायला लागतात, वर्तमानकाळात लिहिलं की क्रियापदं मिळतात आणि नटाला क्रियापदच लागतं. स्वप्नं आठवतच नाहीत म्हणणारे खूप असतात. त्यांना सांगितलं की जाग आल्या आल्या हलू नका, कूस बदलू नका, तसंच पडून राहा, स्वप्नातलं जे काही हाताला लागेल ते आधी मनात पकडा आणि मग वही उचला. रेम झोप, म्हणजे बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात ती झोप, १९५३ साली संशोधकांनी नोंदवली, ती साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे तिचा टप्पा लांबत जातो, त्यामुळे सकाळच्या जागेपणाच्या तोंडाशी सगळ्यात भरघोस माल असतो. सर्रिअलिस्ट मंडळींनी, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन ह्यातून कविता-चित्रं करणाऱ्या कलावंतांच्या गटाने, १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला ह्याच कामासाठी चक्क एक ऑफिस उघडलं होतं, लोकांनी यावं आणि आपली स्वप्नं, विचित्र योगायोग सांगावेत म्हणून, आणि पुढच्या वर्षी त्याची सूत्रं आंतोनँ आर्तोकडे आली, जो पुढे नाटकातला एवढा मोठा माणूस झाला. मला ही गोष्ट फार आवडते. स्वप्नाची ऑफिसात बसून नोंद घ्यायची, इतक्या गांभीर्याने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे स्वप्नाचा अर्थ लावायला बंदी आहे. एक मुलगा चिठ्ठी वाचतो आणि दुसरी लगेच म्हणते, "म्हणजे तिला घरच्यांची भीती वाटते", तिथे मी थांबवते. एकतर कुणाचंतरी खाजगी आहे ते, आपण काही डॉक्टर नाही. आणि दुसरं, अर्थ कळला की खोली मरते, प्रेक्षक "अच्छा, हे म्हणजे ते" म्हणून पुढे सरकतो. ह्या सर्रिअलिस्टांचा म्होरक्या, कवी आंद्रे ब्रेताँ पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या केंद्रात काम करत होता, स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉइडच्या कल्पना त्याला तिथेच भेटल्या, पण त्याने त्यातून उपचार न उचलता कवितेसाठी लागणारं तेवढंच उचललं. आम्हीही फ्रॉइडकडून दोनच हत्यारं घेतलीयेत. एक, स्वप्नात दोन-तीन माणसं मिळून एक माणूस होतो. दोन, भावना जिच्यावर असायला हवी ती वस्तू सोडून भलत्याच वस्तूवर जाऊन बसते. एवढ्यावर महिनोन्महिने तालीम करता येते खरंच.

ह्यातून आमचं कामाचं सूत्र तयार झालं: स्वप्नातलं चित्र सोडायचं, त्याचा नियम उचलायचा. उडणारे मासे, वितळलेली घड्याळं, धूर, निळे लाईट्स, असलं सगळं मुलांना पहिल्यांदा सुचतंच आणि ते दिसायला छान पण असतं, पण प्रेक्षक त्याच्याकडे बघतो, त्याच्या आत जात नाही. उदाहरण सांगते. एका चिठ्ठीत होतं (ज्याची आहे त्याची परवानगी घेतलीये) की परीक्षेचा हॉल आहे, पेपर आधीच पूर्ण लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात, आणि मला तो वेळ संपायच्या आत पुसायचाय. बास एवढंच. इथे नियम काय, तर परीक्षा उलटी चालते. मग खोली अशी बसवली की प्रेक्षक आत आला की पर्यवेक्षक त्याला बाकावर बसवते, समोर पेन्सिलने गच्च लिहिलेला कागद आणि एक खोडरबर. ती घड्याळ बघते, रांगांतून चालते, "अर्धा तास राहिलाय" म्हणते आणि एक मिनिटाने पुन्हा "अर्धा तास राहिलाय" म्हणते. बाकाच्या खाली कॉन्टॅक्ट माईक (लाकडाची थरथर पकडणारा, वस्तूलाच चिकटवायचा माईक) लावलाय, त्यामुळे खोडायचा आवाज स्पीकरमधून मोठा होऊन येतो आणि सगळ्या बाकांचा मिळून एक घासल्यासारखा नाद तयार होतो. कागदावर एक ओळ पेनने लिहिलेली असते, ती पुसली जात नाही. प्रत्येकाची वेगळी ओळ. लोक त्या ओळीशी किती वेळ झटतात ते बघण्यासारखं आहे.

पर्यवेक्षक करणारी मुलगी आधी आवाज घोगरा काढून, डोळे मोठे करून करत होती. तिला म्हटलं, तू रोज हेच काम करतेस, तुला ह्यात काही विचित्र वाटत नाही, एवढंच धर. त्या दिवसापासून खोली उभी राहिली. स्वप्नात आपल्याला कुठे काय विचित्र वाटतं, जागं झाल्यावर वाटतं. जितका प्रसंग अजब, तितकं बोलणं साधं, हे आता मुलं एकमेकांनाच सांगतात.

वॉर्मअपला आम्ही घडीच्या कागदाचा सर्रिअलिस्ट खेळ अंगाने खेळतो. १९२५ च्या सुमाराला ते लोक वाक्यं अशी करायचे, प्रत्येकाने एक शब्द लिहायचा, घडी घालायची, पुढच्याकडे द्यायचा, आधीचा काय ते बघायचं नाही. आम्ही एकाने डोक्या-मानेची हालचाल लिहायची, दुसऱ्याने हातांची, तिसऱ्याने पायांची, आणि चौथ्याने कागद उघडून तिन्ही एकदम करायच्या. मान कुणाचीतरी वाट बघतेय, हात पीठ मळतायत, पाय पळतायत. अशा माणसाला नुसतं "नाव काय तुझं" विचारलं तरी सीन सुरू होतो. ह्यातूनच आमची तीन पात्रं आलीयेत, सुधारणा न करता जशीच्या तशी.

प्रेक्षकांचं बोलायचं तर माझा आदर्श १९३८ चं पॅरिसचं सर्रिअलिस्ट प्रदर्शन. मार्सेल द्युशाँ ह्या चित्रकाराने छताला कोळशाची १,२०० पोती टांगली होती, दालन अंधारात, भाजलेल्या कॉफीचा वास, आणि लोकांच्या हातात टॉर्च दिले होते. टॉर्च दिला की माणूस प्रेक्षक राहत नाही, शोधायला लागतो! म्हणून आमच्याकडे प्रत्येक खोलीत आलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी काम आहे, खोडणं, धरून ठेवणं, कुणाच्यातरी वतीने फोन उचलणं.

पण अंधार आणि अनोळखी माणसं म्हटलं की काळजी घ्यावीच लागते, इथे मी अजिबात तडजोड करत नाही. बाहेर पडायच्या दिव्याला स्वप्नाच्या नावाखाली झाकायचं नाही. विचारल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, नटाने प्रेक्षकाला नाही आणि उलटही नाही. सुरुवातीलाच सांगतो की तळहात छातीवर ठेवला की नट तुम्हाला सोडून पुढे जातील, आणि हेच नटांनाही लागू, मुलांपैकी कुणी तो हात ठेवला तर बॅकस्टेजवाला आत जाऊन त्याची जागा घेतो. चिठ्ठी कधीही परत घेता येते, प्रयोगाच्या आदल्या दिवशीसुद्धा.

टेक्निकल बाजू थोडक्यात: सगळ्या खोल्यांचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारे प्रसंग, सात मिनिटांचे, एकच साउंड ट्रॅक सगळीकडे, त्यामुळे कुणालाही क्यू, म्हणजे "आता तुझं" असा इशारा, द्यावा लागत नाही. दर लूपच्या शेवटी सगळ्या खोल्यांत एकाच वेळी दार वाजल्याचा आवाज येतो आणि सगळी पात्रं क्षणभर थांबतात.

आता अडकलंय ते शेवटच्या खोलीपाशी. स्वप्न असं की घरात एक जास्तीची खोली सापडते आणि ती सगळ्यांना आधीपासून माहीत असते. मला वाटतंय की ह्या खोलीत नट नकोच, आधी येऊन गेलेल्या प्रेक्षकांनी तिथे बसावं आणि नवीन आलेल्याशी आपण इथलेच असल्यासारखं वागावं. मुलं म्हणतायत लोक लाजतील. पुढच्या आठवड्यात बाहेरची काही मंडळी बोलावून करून बघतोय, कुणी असा प्रेक्षकांवर सोडलेला सीन केला असेल तर त्यांना सूचना किती द्यायच्या ते नक्की सांगा.