पाच गुण, अठरा सेट, एकोणीस सामने

न्यू जर्सीतील एका सरकारी हायस्कूलच्या मुलांच्या टेनिस संघाचा मी साहाय्यक प्रशिक्षक आहे. आमच्याकडे मुलींचा हंगाम शरदात आणि मुलांचा वसंतात असल्यामुळे सप्टेंबरमध्ये मला फारसे काम नसते. गेल्या वर्षी ती संधी साधून मी कॅलिफोर्नियात अर्वाइनला धाकट्या बहिणीकडे आणि परतताना टेक्सासमधील प्लेनोला एका जुन्या मित्राकडे गेलो. दोन्ही घरांतील मुले शाळेच्या संघात असल्याने सहलीतल्या बहुतेक दुपारी कोर्टाच्या कुंपणाला टेकूनच गेल्या.

आमच्या राज्यात दोन शाळांच्या लढतीचा हिशेब साधा आहे. तीन एकेरी, दोन दुहेरी, प्रत्येक सामन्याला एक, असे एकूण पाच गुण. तीन मिळाले की लढत जिंकली. एकेरीचे तिघे तयारीचे असले तर दुहेरीत कोण खेळते आहे याची प्रशिक्षक फारशी फिकीर करत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मीही करत नसे. एकेरीतला क्रम मात्र ताकदीनुसारच लावावा लागतो, कारण पहिला समोरच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी खेळतो. सर्वांत चांगल्या मुलाला मुद्दाम तिसऱ्या क्रमांकावर उतरवले, तर समोरचा प्रशिक्षक जुने निकाल काढून भांडायला उभा राहतो, आणि ते रास्तच असते.

अर्वाइनला भाची म्हणाली, "मामा, आज माझे तीन सेट आहेत, तिघींशी." मला वाटले, तिची सांगण्यात काही गफलत झाली असावी. पण दक्षिण कॅलिफोर्नियात पद्धतच तशी आहे. प्रत्येक संघाचे तीन एकेरी खेळाडू समोरच्या तिघांशी आणि तीन दुहेरी जोड्या समोरच्या तिन्ही जोड्यांशी एकेक सेट खेळतात आणि अठरा सेटांचे अठरा गुण होतात. सगळेच सगळ्यांशी खेळणार म्हटल्यावर क्रमावरून भांडायला जागाच उरत नाही. प्रतिस्पर्धी संघातल्या एका मुलीने तिन्ही सेट हातोहात जिंकले आणि ती पाण्याची बाटली घेऊन बाकावर जाऊन बसली. तिच्याकडून संघाला याहून जास्त काही मिळणे शक्यच नव्हते. अठरापैकी नऊ गुण दुहेरीचे होते आणि तिथे तिच्या मैत्रिणी मार खात होत्या.

लढत ९-९ अशी बरोबरीत आली. अशा वेळी सगळ्या सेटांत मिळून जिंकलेल्या गेमांची बेरीज करतात. दोघे प्रशिक्षक एकाच बाकावर, मांडीवर गुणपत्रिका घेऊन, पेनच्या टोकाने रकाने मोजत बसले. पहिल्यांदा दोघांच्या बेरजा जुळल्या नाहीत. दुसऱ्यांदा ७४-७१ निघाली आणि भाचीचा संघ जिंकला. तिने स्वतः दोन सेट गमावले होते, पण त्यातला एक ४-६ असा होता. घरी जाताना गाडीत ती त्या चार गेमांबद्दलच बोलत होती.

गंमत म्हणजे त्याच राज्यात उत्तरेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, चार एकेरी आणि तीन दुहेरी अशी सात गुणांची लढत असते. हायस्कूल खेळांचा राष्ट्रीय महासंघ टेनिसचे स्वतःचे नियमपुस्तक काढत नाही. खेळाचे नियम अमेरिकन टेनिस संघटनेचे घेतात आणि संघाची रचना ज्या त्या राज्याची, कॅलिफोर्नियात तर ज्या त्या विभागाची संस्था ठरवते.

प्लेनोला ऊन उतरता उतरत नव्हते. टेक्सासमध्ये शरद ऋतूत मुले आणि मुली एकाच संघातून खेळतात: मुलांचे सहा एकेरी व तीन दुहेरी, मुलींचेही तेवढेच, शिवाय एक मिश्र दुहेरी, असे एकोणीस सामने, दहा जिंकणारा विजयी. वसंतात तेच खेळाडू वैयक्तिक स्पर्धांना उतरतात. त्या दिवशी आधी दुहेरी झाली आणि मग सगळी कोर्टे एकेरीने भरून गेली. मला तर कुठे पाहावे हेच समजेना.

साडेसातच्या सुमारास ९-९ झाले आणि एकच कोर्ट चालू राहिले, मुलींच्या सहाव्या क्रमांकाचे. आमच्याकडे या मुलीला मुख्य संघात जागाच मिळाली नसती. तिची दुसरी सर्व्हिस जेमतेम जाळी ओलांडत होती, आणि मुलांमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, माझ्या मित्राचा मुलगा, कुंपणाच्या जाळीत बोटे अडकवून प्रत्येक चेंडूगणिक श्वास रोखत होता. टायब्रेकमध्ये समोरच्या मुलीने दोन्ही सर्व्हिस चुकवून डबल फॉल्ट केला तेव्हा सगळ्यांत आधी तोच दार ढकलून आत धावला.